कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे

नाना,

कॅमेरा माझ्याकडे वळवायला हवा होता. तेव्हाही मी हेच म्हणाले होते, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावरही माझं म्हणणं तसूभर बदललेलं नाही. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये असं आई म्हणायची. पण तुम्ही होता तेव्हा तुमच्याशी वाद घालायची सोय कुठे होती? मी तोंड उघडलं की तुम्ही उठून हॅलोजनचे बल्ब तपासायला निघून जायचा. आता कुठे जाल? बसा आणि ऐका.

देवपूरचं आपलं दुकान डोळ्यांसमोर आणा. पुढे फोटोचं काउंटर, मधे तो मेंदी रंगाचा पडदा, आणि पडद्यामागे माझी मिक्सिंगची खोली : दोन व्हीसीआर, एक टीव्ही, गाण्यांच्या कॅसेटचा ढीग. लग्न तुम्ही शूट करायचा, जोडायचे मी. तुम्ही आणलेलं सगळं टीव्हीचा आवाज पार बंद करून बघायचा. आवाज म्हणजे तुमच्या लेखी कचरा. जनरेटरची घरघर, बँडवाल्यांचं भांडण, पंगतीत वाढप्यांची ओरड, ते कोणाला ऐकायचंय? त्याच्यावर गाणी टाकायची आणि मोकळं व्हायचं. चित्राच्या बाबतीत मात्र तुम्ही फार कडक. एकदा नवरदेवाची आत्या दुकानात येऊन रडली होती, आठवतं? अख्ख्या तीन कॅसेटमध्ये ती कुठेच नव्हती. मी लग्नाला आलेच नव्हते का, असं तिचं म्हणणं. तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी तोच शालू नेसून बोलावलंत, दुकानाच्या भिंतीसमोर उभं केलंत, हातात अक्षता दिल्यात, आणि ते दोन मिनिटांचं शूटिंग मी मंगलाष्टकांच्या मधे घुसवलं. आत्याबाई खूश होऊन गेल्या. त्या गेल्यावर तुम्ही मला म्हणालात की कॅसेटमध्ये नाही ते झालंच नाही, हे आपल्या धंद्याचं पहिलं सूत्र. मी ते मनावर घेतलं. तुम्हाला वाटलं त्याहून जास्त घेतलं.

गाडीही तुम्हीच शिकवलीत. ऐन लग्नसराईत ड्रायव्हर पळाला आणि तुम्हाला खांद्यावर कॅमेरा घेऊन फियाट चालवता येईना, म्हणून पांझरेच्या काठच्या रस्त्यावर मला स्टिअरिंगवर बसवलंत. पुढच्या सराईत यावलपासून साक्रीपर्यंत मीच गाडी नेत होते. वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढे मी मुंगीच्या पावलांनी गाडी चालवायची आणि तुम्ही खिडकीतून अर्धे बाहेर येऊन शूटिंग करायचं. पोरीच्या हातात गाडी बघून गावची माणसं थबकायची. तुमचं उत्तर तयार असायचं, की कामापुरतं आहे. एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तर मी एकटीच गाडी घेऊन सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आले. काही काम नव्हतं. हायवेवर काच खाली करून जायचं होतं, बस. परत आले तर तुम्ही दारात उभे. काय काम होतं, विचारलंत. “काम म्हनीसन चालाड,” तुम्ही म्हणालात, “हाऊस म्हनीसन नको.” चावी त्या दिवसापासून तुमच्या खिशात गेली. हौसेला मोल नसतं म्हणतात, नाना. पुरुषांच्या हौसेला खरंच नसतं. आपल्या गल्लीत कोणी कबुतरं पाळायचं, कोणी बैलांच्या शर्यतींमागे गावोगाव फिरायचं, त्यांना कोणी दारात अडवून काय काम होतं असं विचारलेलं मी बघितलं नाही.

मग त्या हिवाळ्यात शर्यतीचं निघालं. धुळ्या-जळगावचे पाच-सहा हौशी लोक एकत्र आले होते. एक जिनिंगवाले, एक डॉक्टर, एक ट्रॅक्टरचे डीलर, असेच गाड्यांचे वेडे. सोनगीरच्या पुढे कपाशी निघून गेलेलं एक मोठं शेत त्यांनी सपाट करून घेतलं, डांबराचे रिकामे ड्रम मांडून वळणं केली, आणि एकेका गाडीनं घड्याळ लावून फेरी मारायची असं ठरवलं. शूटिंगचं काम तुम्हाला दिलं. डॉक्टरांनी कुठल्याशा परदेशी कॅसेटमध्ये गाडीच्या आतून घेतलेली शर्यत पाहिली होती, तसं एक शूटिंग हवंच म्हणून ते हटून बसले. पण आपला तो भला थोरला कॅमेरा स्वतःच्या गाडीत घ्यायला एकही जण तयार होईना. वजनानं गाडी मागे पडेल, प्रत्येकाला भीती. शेवटी आपलीच फियाट आतल्या शूटिंगसाठी उतरवायची ठरली. तुम्ही दुसरा कॅमेरा घेऊन शेवटच्या रेषेवर थांबणार, म्हणजे गाडी कोण चालवणार? तुम्ही बराच वेळ हनुवटी खाजवलीत आणि मग आईकडे बघून म्हणालात की हे काही शर्यतीत उतरणं नाही, ही कॅमेऱ्याची ड्रायव्हर. मी मान खाली घालून हो म्हणाले. मनात मात्र मांडे खात होते.

आता मूळ मुद्दा, कॅमेरा कुठे लावायचा. पहिल्यांदा तुम्ही तो टपावरच्या कॅरिअरवर बसवलात. खाली दोन उशा, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून बांधलेल्या. पांझरेच्या काठानं मी एक चक्कर मारली. घरी येऊन बघितलं तर अर्धी कॅसेट आभाळ आणि उरलेल्या अर्ध्यात बाभळीच्या फांद्या. दुसऱ्यांदा बॉनेटवर. त्यात रस्ता दिसला, पण कोणी चाळणीत धरून हलवतंय असा दिसला, आणि कॅमेरा इतका तापला की तुम्ही त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर पंख्याखाली ठेवलंत. आई म्हणाली, लेकरांना ताप आला तेव्हा एवढं केलं नाही. तिसऱ्यांदा मागच्या सीटवर, गादीवाल्याकडून आणलेल्या नव्या लोडावर. हे मात्र झकास आलं. दोन सीटच्या मधून समोरची काच, काचेतून रस्ता, आणि उजव्या बाजूला माझी वेणी, माझा कान, गिअरच्या दांड्यावर माझा हात. मला तर वाटलं जमलं. तुम्ही टीव्हीसमोर बसून ते दोनदा बघितलंत, अर्थात आवाज बंद करून, आणि म्हणालात, वेणी दिसते आहे.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. यावलकडचं स्थळ आलं होतं. केळीचे बाग, मुलगा एकुलता एक, पत्रिका जुळलेली, आणि मुलाचे मामा आपल्याच देवपुरात, दोन गल्ल्या सोडून. शर्यतीची कॅसेट रविवारी लोकल केबलवर दाखवायची हे ठरलेलं होतं. तेव्हा केबल नवीनच आली होती आणि लोक गणपतीच्या मिरवणुकीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत जे दाखवतील ते बघत बसायचे. मी म्हटलं, मैदानावर शंभर-दीडशे माणसं मला बघणारच आहेत की. तुम्ही म्हणालात, माणसं विसरतात, कॅसेट विसरत नाही. मग तुम्ही पुढची डावी सीट मागे सरकवलीत, तिच्यावर पोळपाटासारखा एक जाड पाट ट्यूबनं आवळलात, त्यावर लोड, लोडावर कॅमेरा, आणि त्याचं तोंड सरळ काचेकडे. कॅमेरा माझ्यापासून हातभर अंतरावर. खरं सांगायचं तर जागा अगदी उत्तम होती, आजही कोणी विचारलं तर मी तीच जागा सांगेन. वाद फक्त तोंडाचा होता. थोडा उजवीकडे वळवला असता तर रस्ताही आला असता आणि मीही आले असते. मी तसं म्हणाले. तुम्ही पेचकस घेतलात आणि काचेवरचा आरसाच काढून टाकलात, कारण त्यात माझे डोळे दिसत होते. “तश्या बी मांगून कोनी येवाव नही,” एवढंच म्हणालात.

याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. गाडी माझ्या हातात हवी, पण हात दिसायला नको. तुमच्याच सूत्रानं बघितलं तर मी त्या शेतात गेलेच नव्हते. फियाट आपली आपण पळाली होती.

शर्यतीच्या दिवशी शेताच्या कडेला भरताची वांगी भाजायला टाकलेली, कळण्याच्या भाकरींची चळत लागलेली. धुराचा वास गाडीपर्यंत येतोय. माझ्या आधी गेलेल्या जिनिंगवाल्यांनी दोन ड्रम आडवे केलेत आणि लोक त्यांना चिडवतायत. मी सीटवर बसते. तुम्ही खिडकीतून हात घालून कॅमेऱ्याचं बटण दाबता, लाल दिवा बघता, आणि मला सांगता की सावकाश ने, कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये. मग तुम्ही तिकडे रेषेवर निघून जाता. झेंडा खाली येतो. नाना, पहिल्या ड्रमपर्यंत मी तुमचं ऐकलं. तिथे गाडीचं मागचं अंग काळ्या मातीत घसरलं, मी स्टिअरिंग उलटं फिरवलं आणि गाडीनं माझं ऐकलं. त्यानंतर कॅमेरा, केळीचे बाग, देवपूरचे मामा, कोणी कोणी मला आठवलं नाही. माझा पहिला नंबर आला नाही, पण डॉक्टर आणि ट्रॅक्टरवाले दोघेही माझ्या मागे राहिले. हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते.

शनिवारी तुम्ही एका लग्नाला गेलात आणि मला सांगून गेलात की शर्यत जोडून ठेव आणि वरून एखादं धडाक्याचं गाणं टाक. गाण्याची कॅसेटही तुम्हीच काढून दिलीत. मी जोडायला बसले. काय वाटलं कोण जाणे, टीव्हीचा आवाज वाढवला. चित्रात नुसता रस्ता, ड्रम, धूळ. आणि आवाजात मी. वळणाच्या आधी गाडीला दम देतेय, “चाल वं माय, चाल, आते नको अडू.” एका ठिकाणी अशी शिवी हासडलीय की ती मला येते हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात हसतेय. ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. पदर तोंडावर धरून, जिवणी दाबून हसतात तसलं नव्हे. पोटातून आलेलं, मोठं, थांबतच नाही असं. तुम्ही मला चित्रातून काढलंत, नाना, आणि मी आवाजात बसून राहिले. तुमच्या हे ध्यानात येणं शक्यच नव्हतं. आयुष्यभर तुम्ही आवाज बंद करून बघत आलात. शिवी तेवढी मी कापली, तेवढी अक्कल मला होती. गाणं टाकलं नाही. रविवारी सकाळी केबलवाल्याचा माणूस आला, त्याच्या हातात कॅसेट दिली, आणि दुपारी सगळ्या देवपुरानं मला हसताना ऐकलं.

सोमवारी मामा दुकानात आले. मी पडद्यामागे होते. सुरुवातीला थंडीचं झालं, केळीच्या भावाचं झालं. मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “गाडी चालाडी ते जाऊ द्या, नाना. आजकाल पोरी बी चालाडतस. पन ते हासनं कोनं शे?” तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. कॅसेट जुनी होती, मागचं काहीतरी राहून गेलं असेल, असं सांगितलंत. धंद्यातलं खोटं, पटण्यासारखं. मामांनी ते पटवूनही घेतलं असतं, भला माणूस होता, त्यालाही स्थळ हवंच होतं. मी फक्त आत बसून राहणं पुरेसं होतं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या मेंदी रंगाच्या पडद्याच्या पलीकडे ठरत होतं आणि मला काहीच करावं लागणार नव्हतं. मी पडदा सारून बाहेर आले.

“मी हासनू, मामा.”

“कशाले?”

“मज्या वनी म्हनीसन.”

मजा आली म्हणून, एवढंच. कामापुरतं होतं, असं म्हणता आलं असतं. तुम्ही डोळ्यांनी तेच सांगत होता, मला दिसत होतं. मामांनी समोरचं पाणी पिऊन पेला उपडा ठेवला आणि नमस्कार करून गेले. आठवडाभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका अशी मागाहून बिघडते हे मला तेव्हा कळलं. तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, गाणं का नाही टाकलं. मी म्हटलं, गाडीत गाणं वाजत नव्हतं. त्यावर तुम्ही अख्खी सराई माझ्याशी बोलला नाहीत. मी समोर जेवत असले तरी आईला सांगायचा की तिला म्हणावं, उद्या सकाळी लवकर निघायचंय. आईही मग गंमत करायची, मला वळून म्हणायची, ऐकलंस ना गं, का परत सांगू? गाडी मात्र मीच चालवत होते, तुम्ही बाजूला कॅमेरा मांडीवर घेऊन काचेबाहेर बघत. साक्री येईपर्यंत एक शब्द नाही.

मला त्याचा पश्चात्ताप झाला का? नाही. तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, पोरीनं बापाला घोर लावला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तुमचं हृदय तुमच्या विड्यांनी गेलं, माझ्या हसण्यानं नाही, हे डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं होतं, तेच शर्यतीवाले डॉक्टर. माझं लग्न पुढे झालं, उशिरा, जळगावला. मुलगी बघायला आले तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं की मी मोठ्यानं हसते. तिथे मी माझा स्वतःचा धंदा टाकला, आणि लोकांच्या लग्नांच्या कॅसेटमध्ये मी गाण्यांच्या मधे माणसांचे आवाज राहू द्यायला लागले. गिऱ्हाईकं आधी कुरकुरायची. नंतर म्हातारी माणसं एकेक करून जायला लागली तशी तीच गिऱ्हाईकं येऊन विचारायची, आमच्या बाबांचं बोलणं त्यात आहे का. तुमचं सूत्र अर्धं चुकलेलं होतं, नाना. मला कोणी तोंड दाखवायला परत भिंतीसमोर उभं केलं नाही आणि तरीही मी त्या शेतात होते हे अजून गावाला माहीत आहे.

आता एकच सांगते. त्या कॅसेटची सुरुवात कोणीही पाहिलेली नाही. झेंड्याच्या आधी मी लिंबाखाली पाणी प्यायला गेले होते, तेव्हा कॅमेरा नीट बसला का ते बघायला तुम्ही तो चालू केलात आणि माझ्या सीटवर बसलात. चित्रात काही नाही, बॉनेट आणि समोरचं मोकळं शेत. गाडी बंद आहे. आणि आवाजात तुम्ही आहात. तोंडानं इंजिन चालवताय. भुर्र करून गाडी सोडलीय, गिअर बदलताना मधे जरासं थांबताय, मग पुन्हा वरचा सूर. वळणावर दातांतून किर्र काढलंय, लांबलचक, अगदी मन लावून. शेवटी टाळूवर जीभ आपटून टाळ्याही वाजवल्यात. मग कोणीतरी गाडीजवळ आलं असावं, कारण तुम्ही खाकरलात आणि सगळं तपासून झाल्यासारखं मोठ्यानं म्हणालात, “बठ्ठं बराबर शे.”

त्या शनिवारी मी ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं. तुमच्यावर इतकी चिडलेली होते, तरी रडू आलं. माझी हौस मी सगळ्या गावाला ऐकवली आणि तुमची मात्र कापून ठेवली. कोण काय म्हणेल याची मी स्वतःपुरती कधी पर्वा केली नाही, तुमच्यापुरती त्या दिवशी केली. आईला सांगितलं नाही, तुम्हालाही कळू दिलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण मी ते ऐकलंय हे तुम्हाला कळलं असतं.